विहिरींना शून्य टिकल्या

माझी जीभ एरवी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. कार्यालयात मला सगळे ‘तोफ’ म्हणतात, आणि तेही तोंडावर. त्या तोफेची ऐन वेळी वाचा बसली, म्हणून हे सांगतेय.

आमची संस्था माती, पाणी, जंगल, कुरणं यांच्यावर संशोधन करते. आधी काय करायचं आणि काय बाजूला ठेवायचं, हे ठरवायला दर तीन वर्षांनी आम्ही पंधरा जण मोठ्या खोलीत बसतो. भिंतीवर आठ विषयांचे आठ कागद आणि प्रत्येकाच्या हातात पाच लाल चिकट टिकल्या. जो विषय महत्त्वाचा वाटेल त्याच्या कागदावर टिकली लावायची. पहिले पाच विषय चालू, उरलेले बंद, तेही तीन वर्षं. बैठक चालवायला बाहेरून एक बाई येतात, त्यांच्या गळ्यात शिट्टी असते. नाव अर्थातच शिट्टीबाई.

माझा विषय विहिरी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चाळीस विहिरींत टेप सोडायची आणि पाणी किती खोल आहे ते लिहायचं. टेपच्या टोकाला पितळी वजन असतं, ते पाण्याला टेकलं की ‘डुबुक’ होतं. बस, एवढंच काम. पण सव्वीस वर्षांत एक महिना चुकलेला नाही. माझ्या बाळंतपणात नवऱ्यानं जाऊन मोजलं, आणि तेरा नंबरच्या विहिरीला आपला चष्मा अर्पण करून आला.

तर शिट्टी वाजली. मी उठले. आता स्वतःच्याच कागदावर टिकली कशी लावायची? शी! आणि गरज तरी काय? विहिरी म्हणजे संस्थेचा कणा, असं साहेबच दर भाषणात म्हणतात. मी तीन टिकल्या गवताला दिल्या. गवतवाली माझी मैत्रीण, शेजारच्याच टेबलावर बसते. मागच्या खेपेला तिचा विषय एका टिकलीनं पडला आणि बिचारी तीन वर्षं दुसऱ्यांची माती चाळत बसली. एक जंगलाला दिली. उरलेली माशांना, कारण मासेवाले काका फारच केविलवाणं तोंड करून बघत होते.

शिट्टीबाईंनी मोजून वाचायला घेतलं. माती सतरा, जंगल पंधरा, ओढे चौदा, गवत अकरा, मासे दहा. शेवटी त्या माझ्या कागदापाशी आल्या, तो उलटून मागूनही पाहिला.

“विहिरी शून्य.”

मीही जाऊन कागद उलटून पाहिला.

“अगं, तुझं तर ठरलेलंच होतं ना!” काका म्हणाले. “सगळे तुलाच देणार, म्हणून मी माझ्या माशांना दिल्या.”

“मीही तेच धरून चाललो होतो,” साहेब म्हणाले.

घ्या! पंधरा शिकलेली माणसं, आणि प्रत्येकानं दुसऱ्यावर सोडलेलं. त्यात मीसुद्धा आले.

“चहा संपेपर्यंत टिकल्या हलवता येतील,” शिट्टीबाई म्हणाल्या. “नंतर यादी वर जाईल.”

चहा आला. कोणी जागचं हललं नाही. टिकली काढायची म्हणजे आपला विषय पडायचा, कोण काढेल? आणि खिडकी कोणी उघडी टाकली यावर अर्धा तास भांडणारी मी मूग गिळून बसले होते. न मागता द्यावं त्यांनी, असं वाटत होतं. कप अर्धा झाला, पाव झाला. शेवटी माझा मलाच राग आला. मी कप आपटला.

“ऐका! मला तुमच्या टिकल्या हव्यात. मागायची लाज वाटत होती, म्हणून गप्प होते. माती पुढच्या वर्षी तपासता येते, मासे पुढच्या वर्षी मोजता येतात. पण या महिन्यात विहिरीत पाणी किती होतं, ते पुढच्या महिन्यात कितीही वाकून पाहिलं तरी कळत नाही. गेलेला महिना गेला. सव्वीस वर्षांचं काम तुटलेलं मला बघवणार नाही.”

आवाज कापला हो माझा. तोफेचा!

पहिली उठली ती गवतवाली. आपल्या कागदापाशी गेली आणि नखानं पाच टिकल्या सोडवून विहिरींवर लावल्या.

“थांब, वेडे!” मी ओरडले. “तुझं पडेल!”

“मला मोजता येतं,” ती म्हणाली.

मग मात्र झुंबड उडाली. काकांची टिकली त्यांच्याच बाहीला चिकटली, शिट्टीबाई शिट्ट्या फुंकत राहिल्या, कोणी ऐकेना. विहिरी बावीसवर गेल्या, सगळ्यांच्या वर. गवत सहावर, यादीबाहेर.

माझा जीव भांड्यात पडला. लोक पाठ थोपटून गेले. गवतवाली भिंतीवरून आपला कागद उतरवत होती.

“परत तीन वर्षं लोकांची माती चाळणार तू,” मी म्हटलं.

“चाळीन. आणि रोज तुला शिव्या घालीन.” ती हसली, पण माझ्याकडे बघितलं नाही. “सकाळीच तोंड उघडलं असतंस, तर प्रत्येकानं एकेक दिली असती. राहिलो असतो आपण दोघी.”

खरं होतं ते. मी कागदाचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून तो गुंडाळला.