फुकटवाले, विकतवाले आणि तराजूसाहेब

आमच्या साहेबांनी मागे एकदा ऑफिसासाठी खुर्च्या घ्यायचं ठरवलं होतं. दोन प्रकारच्या खुर्च्या नमुन्याला आल्या आणि साहेब तुलना करायला बसले. ते बसले, म्हणून आम्ही उभे राहिलो. तो सगळा उन्हाळा आम्ही उभ्यानं टाइप केलं. तेव्हापासून त्यांना तराजूसाहेब हे नाव पडलं. त्यांना ते माहीत होतं, आणि माझा अंदाज असा की आवडतही होतं.

घरगुती यंत्रांच्या खोक्यात जे माहितीपत्रक येतं, ते लिहिण्याचं आमचं ऑफिस. ते पत्रक तुम्ही कधी वाचलेलं नाही, मला ठाऊक आहे. कुणीच वाचत नाही. पण 'ओल्या हातानं बटण दाबू नये' हे वाक्य माझं आहे, आणि घरी आलेल्या पाहुण्याला मी ते सांगितल्याशिवाय सोडत नाही. माझी बायकोही तिथंच कामाला. शेवटच्या पानावर बिघाड, कारण आणि उपाय असा तक्ता असतो ना, तो ती आखते. मी शब्द लिहायचे आणि तिनं ते सरळ रांगेत बसवायचे. घरीही थोडंफार तसंच चालतं.

एके दिवशी मुख्य ऑफिसातून हुकूम आला. लिहिण्याचं सॉफ्टवेअर विकतचं घ्यावं की फुकटचं चालेल, याची तुलना करून कळवा. इथवर ठीक होतं. पुढं लिहिलं होतं की जी बाजू हरेल, त्या बाजूच्या लोकांची बदली डोंगरापलीकडच्या शाखेत होईल. कारण तिथं कुठलंच सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे हरलेल्यांची गैरसोय होणार नाही. हा विचार ज्या डोक्यातून निघाला, त्या डोक्याला बिघाड आणि उपाय यांचा तक्ता जोडायला हवा, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

साहेबांना मात्र आनंद मावेना. त्यांनी खोलीच्या मधोमध दोरी बांधली. खिडकीकडचे फुकटवाले आणि दाराकडचे विकतवाले. माझं टेबल खिडकीशी, बायकोचं दाराशी. डोंगरापलीकडची शाखा एका दिवसाच्या प्रवासावर. म्हणजे कुणीही जिंको, आमच्यापैकी एकजण जाणार. त्या संध्याकाळी हे घरी बोललो, तर लेकीनं दप्तर भरता भरता विचारलं, "मग मी कुठल्या बाजूला?"  मी उगीच नळ घट्ट बंद आहे का ते पाहून आलो.

"तुलना शुद्ध हवी," हे साहेबांचं आवडतं वाक्य. शुद्ध म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. नुसतं सॉफ्टवेअर वापरून भागणार नव्हतं, आम्ही ते जगायचं होतं. फुकटच्या सॉफ्टवेअरला मदतीचा फोन नसतो, वापरणारेच एकमेकांना सांगतात. म्हणून आमच्या बाजूला काही अडलं की उभं राहून मोठ्यानं विचारायचं आणि ज्याला सुचेल त्यानं उत्तर द्यायचं. आमच्यातले मास्तर, पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर, एकदा उभे राहिले आणि म्हणाले, "पानांना क्रमांक कुठून टाकायचे?" चौघांनी चार रस्ते सांगितले. एकानं विचारलं की क्रमांक हवेतच कशाला. दोघांची त्यावरून भांडणं लागली. मास्तरांनी शेवटी पेननं क्रमांक टाकले.

विकतवाल्यांचा थाट वेगळा. त्यांनी अडचण आली की साहेबांच्या केबिनची घंटी वाजवायची. साहेब दार उघडत नसत. आतून नाकानं एक सूर आळवत राहायचे आणि मधूनमधून म्हणायचे, "आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया उभे राहा." आमच्या हिशेबनीस बाई दाराशी उभ्या राहून राहून तो सूर शिकल्या. घरी झाडांना पाणी घालताना त्या तोच गुणगुणतात, असं त्यांच्या नवऱ्यानं मला रडकुंडीला येऊन सांगितलं.

एका सकाळी विकतवाल्यांच्या खुर्च्यांना साखळी लावलेली. वर्गणीची मुदत संपली होती! साहेबांनी नियम वाचून दाखवला की नूतनीकरण होईपर्यंत विकतवाल्यांना आपलं काम नुसतं पाहता येईल, त्यात बदल करता येणार नाही. बिचारे हात मागे बांधून आपापल्या पडद्यांकडे पाहत उभे. आम्ही फुकटवाले फार हसलो. पण आमच्या खुर्च्यांत कुणीही सुधारणा करू शकतो, हा नियम आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीचे हात गायब, पाठ उलटी, आणि खाली चिठ्ठी की ही नवी आवृत्ती आहे, त्रास झाल्यास स्वतः दुरुस्त करावी. फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, पण ज्यानं म्हटलं त्याची पाठ धड असणार.

बायको आणि मी घरी बसून ठरवलं की बरोबरी साधायची. कुणी जिंकायचं नाही, कुणी हरायचं नाही. तशा त्या तुलनेच्या चाचण्या फार अवघड नव्हत्या. एका बाजूनं पत्रक लिहायचं, दुसऱ्या बाजूनं ते उघडायचं, आणि किती बिघडलं ते साहेबांनी पट्टीनं मोजायचं. इकडची फाइल तिकडे उघडली की तक्ता घसरतोच. आम्ही फक्त एवढं बघायचो की माझा जेवढा घसरेल तेवढाच तिचा घसरावा. इस्त्रीच्या पत्रकात उपायांची अख्खी रांग एकेक घर खाली सरकली. त्यामुळे 'धूर येत असल्यास' या बिघाडासमोर 'मऊ कापडानं पुसावे' असा उपाय आला. ते पत्रक तसंच छापून गेलं. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. माझं मन जरा खट्टू झालं, खोटं कशाला बोलू.

बरोबरीवर बरोबरी होत गेली. साहेब खूश. बरोबरी म्हणजे तुलना अजून अपुरी, आणि तुलना अपुरी म्हणजे जीवनाला अर्थ. आम्हीही खूश. लेकीनं विचारणं सोडलं. मला वाटायला लागलं की दोघंही निवृत्त होईपर्यंत हे असंच चालवू.

पण मुख्य ऑफिसचा धीर सुटला. दुसरा हुकूम आला. या आठवड्यात निकाल लावा, न लावल्यास साहेबांनी स्वतः डोंगरापलीकडे जावं. दुरून डोंगर साजरे, साहेबांना तो दुरूनही साजरा दिसेना. त्यांनी खिडकी ते दार अशा पुष्कळ येरझाऱ्या घातल्या आणि शेवटची चाचणी जाहीर केली.

"स्वतःच्या मालाची स्तुती कोण करत नाही? खरा गुण समोरच्यानं सांगावा. फुकटवाल्यांनी विकतच्याची स्तुती लिहायची आणि विकतवाल्यांनी फुकटच्याची. ज्या सॉफ्टवेअरची स्तुती जास्त पटेल, ते जिंकलं."

"म्हणजे मी चांगलं लिहिलं तर मी हरणार?" मास्तरांनी विचारलं.

"तर काय! म्हणून तर तुलना शुद्ध," साहेब म्हणाले.

फुकटवाल्यांकडून लिहायला मला पुढं केलं, विकतवाल्यांकडून बायकोला. कारण बाकीच्यांना वाटलं, नवरा-बायको आहेत, एकमेकांच्या वस्तूबद्दल चांगलं लिहिणं त्यांना जमायचंच नाही, धोका नाही. घरी आमचं ठरलं. दोघांनीही तीनच ओळी लिहायच्या. बरं आहे. चालतं. हरकत नाही. बस्स. पुन्हा बरोबरी, आणि मग पुढचं पुढं.

दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो. 'बरं आहे' असं लिहिलं. दोरीपलीकडं बायको पाठमोरी बसली होती, मान थोडी डावीकडं झुकवून, तक्ता आखताना झुकवते तशी. मी 'बरं आहे' खोडलं.

दुपारी सगळ्यांना उभं करून साहेबांनी आधी माझा कागद वाचला.

"विकतच्या सॉफ्टवेअरकडे कुणाचं लक्ष नसतं, तरी ते दर थोड्या वेळानं आपलं सगळं जपून ठेवत असतं. माणूस रागानं मध्येच बंद करून निघून गेला, तरी सकाळी तेच विचारतं की काल अर्धवट राहिलेलं उघडू का. चूक झाली तर खाली एक बारीक लाल रेघ ओढतं, चारचौघांत बोलत नाही. सगळं जिथल्या तिथं ठेवतं, आणि आपल्याला वाटतं की ते आपोआप जिथल्या तिथं असतं. दोरी बांधल्यापासून माझा एकही तक्ता सरळ आलेला नाही. इथं एकच ठेवायचं असेल तर हे ठेवावं."

 मला कान तापलेले जाणवत होते. बायकोकडं बघायची माझी छाती होईना. साहेबांनी दुसरा कागद घेतला.

"फुकटचं सॉफ्टवेअर सकाळी उघडायला वेळ लावतं आणि उघडल्यावर कुरकुरतं. दिसायला जुन्या वळणाचं आहे." इथं सगळ्यांनी माझ्या शर्टाकडं पाहिलं. "पण मी त्याला आजवर कितीही मोडकी फाइल दिली तरी हे माझं काम नव्हे, असं ते म्हणालेलं नाही. समजत नसलं तरी उघडून बघतं. आधी अमुक भरा मग आत या, असं म्हणून त्यानं मला कधी बाहेर उभं केलेलं नाही. त्यात उणिवा पुष्कळ आहेत. त्या सगळ्या मला पाठ आहेत, आणि दुसऱ्या कशाच्या उणिवा पाठ करायची मला हौस नाही. घरात मूल असेल तर हेच सोयीचं, कारण मुलानं काहीही बिघडवलं तरी ते चिडत नाही. हे इथून हलवू नये. हलवायचं तर मला हलवा."

हिशेबनीस बाईंनी नाक शिंकरलं. मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसती भिंत आहे.

मला राग आला. तीन ओळी ठरलेल्या! मी तिला इथं ठेवायला निघालो होतो आणि ही बाई मला ठेवून स्वतः जायला निघाली होती. माणसाला एवढं साधं हरूही देऊ नये?

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पट्टी काढली, परत ठेवली. चष्मा काढून पुसला.

"यात फॉन्टबद्दल काहीच नाही," ते म्हणाले.



"दोघंही हरायला बसलेत. याला गुण कसे द्यायचे?"  मग त्यांनी निकालाच्या चौकटीत पेननं लिहिलं, 'तुलना होऊ शकत नाही', आणि खाली सही केली.

"साहेब, एक काहीतरी निवडा," मी म्हणालो. "नाहीतर तुम्हाला जावं लागेल. मी जातो हवं तर. माझं नाव लिहा."

"माझं लिहा," बायको म्हणाली.

"गप्प बसा दोघंही." साहेब आयुष्यात पहिल्यांदा आमच्यावर ओरडले आणि मग स्वतःच खुर्चीत बसले. आवाज एकदम खाली आला. "निवडण्यातलं मला काही सांगू नका. माझ्या लग्नासाठी दोघीजणी होत्या. दोघींनाही मी पसंत होतो. मी म्हटलं, तुलना करून सांगतो. शुद्ध तुलना केली हो मी. एकही मुद्दा सोडला नाही. निकाल घेऊन, जी जिंकली तिच्या दारात गेलो, तर तिनं दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर तिचं मूल होतं."

बायकोनं हळूच विचारलं, "आणि दुसरी?"

"तिच्याकडं गेलोच नाही. निकाल तिच्या बाजूनं लागला नव्हता ना." साहेबांनी कागद पाकिटात घातले. "ती थांबली होती, असं नंतर कळलं. बरीच वर्षं."

त्यांनी पाकीट चिकटवलं आणि आम्हाला आज लवकर घरी जायला सांगितलं. लेकीला शाळेतून आणायला रोज आमच्यातला एकच जण जातो. त्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. रस्त्यात बायकोनं माझी बाही घट्ट धरून ठेवली होती, आणि शाळेच्या फाटकापाशी पोचलो तरी सोडली नाही.