चॉकलेटात मासळी

उन्हानं भाजणाऱ्या आमच्या सकापा गावात भर दुपारी कोणी दाढीलाही बाहेर पडत नाही. त्या वेळी मी सलूनच्या दारात खुर्ची टाकून बसतो. समोरच दोन्या एलुवियाचं घर (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानानं ‘दोन्या’ म्हणतात), तिच्या खिडकीला टांगलेला पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर निळ्या रंगात लिहिलेलं, ‘चोकोबनानो आहेत’. म्हणजे चॉकलेटात बुडवून गोठवलेली केळी. नावाला केळी, पण तिच्या फ्रीझरमध्ये अननस, खरबूज, स्ट्रॉबेरी, सगळंच असायचं. एवढ्या वर्षांत तिच्या हातची चव कधी हलली नाही. त्यामुळे यंदा ईस्टरनंतर जे सुरू झालं, ते आधी माझ्या तोंडाला कळलं.

घरात माणसं तीन. दोन्या एलुविया, तिचा मुलगा आमिल्कार आणि सून मार्लेनी. आमिल्कार खरबुजांच्या पॅकिंगला जायचा, तो अंधार पडल्यावरच घरी. या दोघी दिवसभर समोरासमोर. कामं वाटलेली होती. फळं सोलणं, कापणं, काड्या खोचणं, ट्रेमध्ये लावून गोठवणं हे मार्लेनीचं. अननसाच्या फोडी फडक्यानं टिपून कोरड्या करायच्या, नाहीतर चॉकलेट धरत नाही, हेही तिचंच. पण चॉकलेटचं पातेलं म्हातारीचं. उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवायचं, चॉकलेट वितळलं की थोडंसं तेल सोडायचं, दगड झालेलं केळं त्यात एकदाच बुडवून मनगट असं फिरवायचं की थर सगळीकडून सारखा बसावा, आणि तो गोठायच्या आत दाण्यांची भरड भुरभुरायची. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी सुनेला त्या पातेल्यात चमचा घालायची परवानगी नव्हती.

तर एके दिवशी मी नेहमीसारखं केळं घेतलं आणि पहिल्याच घासाला थांबलो. चॉकलेट जळलेलं होतं. आमच्या गल्लीत दोन्या एलुवियाला तसं सांगणं म्हणजे पाद्रीबाबांना प्रार्थना चुकली म्हणून सांगण्यासारखं. मी गप्प बसलो. पण शाळेतल्या बाई बसल्या नाहीत. त्या खिडकीशी जाऊन म्हणाल्या, “दोन्या एलुविया, आज काहीतरी करपलंय बरं का.”

म्हातारीचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग ती आत बघून मोठ्यानं म्हणाली, “मार्लेनी! फळं नीट झाकून ठेवत जा म्हटलं होतं ना? पडवीतल्या चुलीचा धूर बसलाय त्यांना.”

मार्लेनीनं ट्रेवर फडकं ओढलं. संध्याकाळी आमिल्कारचे केस कापायची वेळ ठरवायच्या निमित्तानं माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहिली.

“मास्तर, तुम्ही खाल्लंत ना? खरं सांगा. फळ जळलं होतं की चॉकलेट?”

“चॉकलेट,” मी म्हणालो.

“मग माझं नाव का घेतलं त्यांनी?”

“अगं, चार लोकांत बोलणं ऐकावं लागलं की माणूस कुणाचंही नाव घेतो.”

“तसं नाही ते.” तिनं आवाज खाली आणला. “जानेवारीत हे म्हणाले होते, आई, आता तू आराम कर, पातेलं मार्लेनीच्या हातात दे. तेव्हापासून त्या माझ्याशी धड बोललेल्या नाहीत. आता मला वाईट ठरवायचंय. माल बिघडवायचा आणि सुनेच्या हाताला यश नाही म्हणायचं.”

मी तिला वेड्यात काढलं. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी दोन्या एलुविया रस्ता ओलांडून आली, खुर्चीत बसली आणि आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, “मास्तर, एक विचारू? माझी सून तुमच्याकडे काय सांगून गेली?”

“केसांचं. आमिल्कारच्या.”

“हं. आमिल्कारला आहेतच किती केस! ती माझ्या वस्तूंना हात लावते. मी ठेवलेली बरणी जागेवर नसते. कुणीतरी माझ्या चॉकलेटात काहीतरी घालतं, मास्तर. मी नसताना.”

“तुमच्या पाठीमागं? ती कशाला घालेल?”

“पातेलं हवंय तिला,” एवढं बोलून ती उठून गेली.

म्हणजे दोघींचा संशय एकमेकींवर, आणि दोघींना साक्षीदार म्हणून मी. मी एकीचं दुसरीला सांगितलं नाही. पण तेव्हापासून समोरची खिडकी उघडली की माझा वस्तरा आपोआप हळू चालायला लागला.

मग मासळीचा दिवस आला. शनिवारी आमिल्कारनं मोताग्वा नदीतली मासळी आणली होती, ती तळली गेली, उरलेलं तेल बरणीत भरून ठेवलं गेलं. रविवारी मी खरबुजाची एक काडी घेतली. वरचा थर कडक, चकचकीत, दाणे छान भाजलेले. आणि तोंडात मात्र तळलेला मासा. मी कोपऱ्यावर जाऊन थुंकलो. माझ्यामागे आणखी दोघं थुंकत होते.

त्या दिवशी मार्लेनीनं मोठा धीर केला. सासू पडवीत तोर्तियाचं, म्हणजे मक्याच्या भाकरीचं, पीठ मळत बसली होती. मार्लेनीनं फ्रीझरमधून त्याच घाण्यातली एक काडी काढली आणि तिच्यासमोर धरली.

“दोन्या एलुविया, तुम्ही कधी खातच नाही. आज खाऊन बघा.”

तिचा हिशेब सरळ होता. म्हातारीनं मुद्दाम केलं असेल तर ती हे तोंडाला लावणार नाही. काहीतरी कारण सांगेल, दात दुखतो म्हणेल. तेव्हा तिला पकडायचं.

दोन्या एलुवियानं हात पुसले, काडी घेतली आणि शांतपणे खाल्ली. पूर्ण. काडीही चाटली.

“कसं झालंय?” मार्लेनीनं विचारलं.

“नेहमीसारखं. माझ्या हातचं कसं असणार?”

मार्लेनी धावतच माझ्याकडे आली. “मास्तर, किती पोचलेली बाई आहे ही! माशाचं चॉकलेट खाल्लं आणि पापणी हलू दिली नाही! मला हरवायला ही बाई साबणसुद्धा खाईल!”

खरं सांगतो, मलाही तेव्हा म्हातारीची भीती वाटली. एवढा अभिनय करणारं माणूस आणखी काय काय करू शकेल?

रात्री आमिल्कारच्या कानावर दोन्ही बाजू गेल्या. पलीकडे आवाज चढलेले मला ऐकू येत होते. तो बिचारा म्हणत होता, “आई म्हणते तू घालतेस, तू म्हणतेस आई घालते. मग मीच घालतो असं लिहून लावू का त्या पुठ्ठ्यावर?”

त्यानंतर मार्लेनी पाळत ठेवायला लागली. परसात धुण्याची टाकी आहे, तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. कपडे खोटेखोटे घासत ती उभी राहायची. तिनं जे पाहिलं ते मला सांगताना ती इकडेतिकडे बघत होती.

“पातेलं गॅसवर ठेवलं त्यांनी. मग कॉफीचा डबा उघडला आणि त्यात तोंड घातलं. चांगला वेळ. मग डबा बंद केला. मग लसूण घेतला, बोटांत चुरडला, बोटं नाकाला लावली, डोळे मिटले. मग व्हिनेगरची बाटली. तसंच. मग खाली बसल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.”

“काय पुटपुटल्या?”

“ऐकू आलं नाही. मास्तर, हे काय आहे? कुणी करणी शिकवलीय का त्यांना?”

“लसूण पातेल्यात टाकला का?”

ती थोडी थांबली. “टाकताना दिसला नाही. पण माझ्या डोळ्यांत साबण गेला होता.”

मला वाटतं, त्याच वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण संशय एकदा बसला की सगळं त्याच्याच मापाचं दिसतं. मी आपलं मान हलवून म्हणालो, “फळं झाकून ठेव.”

त्याच आठवड्यात गॅसची टाकी संपली. गाडीवाल्यानं नवी आणून बसवली आणि घाईत निघून गेला. मार्लेनी बाजारात अननस आणायला गेली होती. मी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होतो, तेवढ्यात ती पिशवी घेऊन परत येताना दिसली. खिडकीशी येताच तिनं पिशवी टाकली. अननस घरंगळत रस्त्यावर गेले. “दोन्या एलुविया!” अशी तिची किंकाळी आली आणि ती आत घुसली.

मी रस्ता ओलांडला. दाराशी पोचलो तर गॅसच्या वासानं घसा धरला. आत दोघी काड्यापेटीसाठी झोंबत होत्या. म्हातारीच्या एका हातात काडी होती आणि मार्लेनी तिचं मनगट धरून लोंबकळत होती.

“सोड! आता माझी चूलही घेणार का तू?”

“काडी ओढू नका! टाका ती! गॅस आहे!”

“कुठला गॅस? खोटं बोलू नकोस! मला बाहेर काढायचं कारण हवंय तुला!”

“अहो, अख्ख्या घरात गॅस भरलाय! वास येत नाही का तुम्हाला?”

म्हातारी थांबली. तिनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी नाकावर टॉवेल धरला होता. मग तिनं खोल श्वास घेतला, नाकपुड्या फुलवून, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. काडी तिच्या हातून गळून पडली.

मार्लेनीनं तिला ओढत बाहेर नेलं. मी टाकी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या. गल्ली जमली. दोन्या एलुविया सगळ्यांना सांगत होती, “मला कळलं होतं, मी बंद करणारच होते, ही पोर उगाच ओरडली.” लोकांनी माना डोलावल्या आणि गेले. मी दोघींना सलूनमध्ये नेऊन पंख्याखाली बसवलं. माझं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं तसंच निघून गेलं होतं.

मग मार्लेनीनं विचारलं, “कधीपासून?”

“ईस्टरच्या आधी ताप आला होता ना. तो उतरला तेव्हापासून.” म्हातारी आरशाकडे पाठ करून बसली होती. “गोड कळतं, खारट कळतं. बाकी सगळं मेण. कॉफी म्हणजे गरम पाणी. रोज सकाळी बघते, आज येईल, आज येईल. लसूणसुद्धा येत नाही.”

“मग सांगितलं का नाही?”

“कुणाला? तुला?” ती एकदम फणकारली. “दुसऱ्याच दिवशी तू पातेलं घेतलं असतंस. आणि गल्लीला कळलं असतं तर? नाक नसलेल्या बाईच्या हातचं कोण खाईल?”

“आणि मी! मी दोन महिने समजत होते की तुम्ही मुद्दाम करताय. मला बदनाम करायला तुम्ही माशाचं तेल घातलंत, असं मी सगळ्यांना...” तिनं जीभ चावली.

म्हातारीनं मान वर केली. “मासा? कुठला मासा?”

मार्लेनीनं माझ्याकडे पाहिलं. मी वस्तरा पुसायला घेतला.

“खरबुजाला, दोन्या एलुविया. त्या रविवारी. तळणाच्या तेलाची बरणी घेतली असणार तुम्ही. दोन्ही बरण्या सारख्याच दिसतात.”

“आणि तू मला ते खायला दिलंस?”

“दिलं.”

“जाणूनबुजून?”

“हो.”

मला वाटलं, आता पुन्हा झोंबाझोंबी. पण म्हातारी रडायला लागली, आणि तीही माशासाठी. “माझ्या चॉकलेटात मासा,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “लोकांनी खाल्लं ते. माझ्या चॉकलेटात.” मार्लेनी उठून तिच्या शेजारी बसली. तिनं हात पुढे केला, मग मागे घेतला आणि शेवटी नुसता पंख्याचा झोत तिच्याकडे वळवला.

डॉक्टरनं सांगितलं, कधी कधी वास परत येतो, कधी येत नाही, वाट बघा. पातेलं मार्लेनीकडे गेलं. पण म्हातारी शेजारी स्टूल टाकून बसते. चॉकलेट केव्हा उतरवायचं ते तिला चमच्यावरून ओघळणाऱ्या धारेवरून कळतं, आणि त्यात ती कधी चुकत नाही. वासासाठी मात्र तिला सुनेला विचारावं लागतं आणि सुनेवर तिचा अजून पुरता विश्वास नाही. “जळत तर नाही ना?” असं ती दर मिनिटाला विचारते. मार्लेनी नाही म्हणाली की ती तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघते.

मार्लेनीही काही कमी नाही. गॅसची टाकी ती स्वतः तपासते, सासूला सांगत नाही, आणि मला मात्र सांगते, “मास्तर, मी घरात नसले तर तिकडे जरा लक्ष ठेवा.”

डिसेंबरच्या जत्रेत त्यांनी चौकात टेबल मांडलं होतं. मार्लेनी बुडवून देत होती आणि दोन्या एलुविया चांगला झगा घालून खुर्चीत बसली होती. एका बाईनं केळं खाऊन विचारलं, “कोणी केलंय हो हे? फारच छान झालंय.”

“मी,” दोन्या एलुविया म्हणाली. “फळं हिची, चॉकलेट माझं.”

मार्लेनीनं तोंड उघडलं. मग समोरच्या पोराला स्ट्रॉबेरीची काडी देत म्हणाली, “लवकर खा रे, वितळतंय.”