ओव्याचा वास नसलेलं तेल

शहागंजात माझं भज्यांचं दुकान तीस वर्षांपासून हाय. मिरचीचं अन् बटाट्याचं भजं, दोनच जिनसा. पिठात ओवा मीच हातानं चोळून टाकते. अन् आजचं तेल उद्या माझ्या कढईत दिसत नाय. गिऱ्हाईकाला हे सांगावं लागत नाय, त्याच्या घशाला कळतं.

यंदा एका विमान कंपनीनं टूम काढली. दुकानादुकानातलं जळकं तेल न्यायचं, साफ करून त्याचं विमानाचं इंधन करायचं. डबे न्यायला तनुजा नावाची पोरगी येते. तिनं समजावलं, "मावशी, जमिनीतून उपसलेलं तेल जाळलं की हवेत नवा कार्बन चढतो. तुमचं तेल शेंगदाण्याचं, तळून झालेलं. त्यावर विमान उडालं तर तेवढा भार कमी."

"म्हंजे उरल्यासुरल्यावर भागवायचं," मी म्हणलं. "चुलीपुढच्या बाईला हे जन्मापासून येतं. साहेबलोकांना आत्ता सुचलं व्हय?"

इथवर ठीक होतं. पण सगळ्यात जास्त तेल देणाऱ्याला दिल्लीची विमानवारी फुकट, असं त्यांनी जाहीर केलं. माझा लेक विश्वजीत गल्ल्यावर बसतो. त्याच्या डोक्यात ते विमान शिरलं.

शनिवारी तनुजा आली तर मोरीपाशी सहा डबे.

"मावशी, शहरात पहिला नंबर तुमचा! आता बसा विमानात."

सहा? माझ्या कढईतून आठवड्याला दोन डबे निघतात, ते बी मुश्किलीनं. मी एक झाकण उघडलं, बोट बुडवून हुंगलं. रंग काळा, पण ओव्याचा वास नाय. हलवून पाहिलं, बुडाला पिठाचा गाळ नाय. नुसता करपलेला कांदा. अन् कांद्याचं भजं माझ्या दुकानात होतच नाय.

असे चार डबे निघाले.

"विश्वजीत, हे कुणाच्या कढईतलं?"

"आई, हळू बोल ना. पामतेल हाय. कांदा करपवला की रंग येतो. सगळेच करतात."

"नवं तेल?"

"तुला एकदा विमानात बसवावं म्हणून..."

"माझं नाव मधी घालू नको. खिडकीपाशी तुला बसायचं होतं. अन् नवंच तेल जाळून विमान उडवायचं, तर जमिनीतल्या रॉकेलनं काय घोडं मारलं होतं रे?"

तनुजा खाली बघून म्हणली, "राहू द्या मावशी. डबे जास्त दिसले की वरचे साहेब खूश असतात."

"तुझा साहेब खूश झाला की धूर कमी होतो का गं?"

तिनं फॉर्म पुढं केला. त्यावर सहाचा आकडा होता. मी तिसरी पास हाय, आकडा वाचता येतो.

"खोड ते. दोन लिही."

तिनं खोडलं. खाली मी सही केली. अंगठा नाय, 'द्वारकाबाई', अख्खं.

विमानवारी औरंगपुऱ्यातल्या राजकुमार फरसाणवाल्याला मिळाली. त्याच्या कढईत दसऱ्याचं तेल दिवाळीपर्यंत उकळतं, म्हंजे टाकायला तेल निघणारच कमी, अन् डबे मात्र त्याचे सगळ्यात जास्त! गळ्यात हार घालून फोटो काढला. दात तेवढे तेलकट आले.

ते चार डबे मोरीपाशीच हायेत. विश्वजीतनं दोनदा विचारलं, "आई, हलवू का?" मी नाय म्हणलं. रोज सकाळी त्यांना ओलांडूनच तो गल्ल्यावर जातो.