दर्जा तीन

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. प्रोग्रॅममधला दोष ज्याला सापडेल, त्यानेच त्याला दर्जा द्यायचा. एक किंवा दोन दिला, तर तो दुरुस्त झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. तीन दिला, की पुढे कधीतरी बघू. दिलेला दर्जा खाली आणायचा असेल तर तोही ज्याचा त्यानेच, स्वतःच्या हाताने. साहेब त्याला बोट लावणार नाही. खुर्चीत मागे रेलून म्हणणार, "बघ बाई, तुझा दोष, तूच ठरव." इतका सोवळा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

आम्ही मेल वाचायचा प्रोग्रॅम बनवतो. मेलमध्ये न दिसणारं चित्र घालून पाठवता येतं. तुम्ही मेल उघडली की तुमचं मशीन ते चित्र मागवायला जातं आणि तुम्ही कुठल्या इंटरनेट जोडणीवरून वाचताय ते पाठवणाऱ्याला कळतं. म्हणून वाचणाऱ्याने हवी तर लावावी अशी 'चित्रं मागवू नका' ही एक खूण आम्ही ठेवली आहे. फेब्रुवारीत मला दिसलं, की ती खूण वाचताना पाळली जाते, पण मेल छापायला घेतली की तिला कुणी विचारतच नाही. छपाईचा भाग जुना. खूण नंतर आली. चित्रं बिनबोभाट मागवली जात होती.

मी दर्जा दोन दिला. चार मार्चच्या बैठकीत साहेब म्हणाला, "आजकाल मेल छापतं कोण? तुझे आजोबा?" सगळे खिदळले. आवृत्ती शुक्रवारी जायची होती, आठ जण माझ्या तोंडाकडे बघत होते. मीही दात काढले. आणि दोनाचे तीन केले.

धाकटीची आठवण आली नव्हती असं नाही. खोटं कशाला बोलू? माझी बहीण नवऱ्याचा मार खाऊन सात महिन्यांपूर्वी घर सोडून दूरच्या शहरात गेली होती. फोन बदलला, नोकरी बदलली. मेलचा पत्ता तेवढा जुनाच ठेवला, कारण कोर्टाचे कागद त्यावर यायचे. त्याच्या शिव्याही त्यावरच यायच्या. ती खूण मीच तिला लावून दिली होती. "आता बिनधास्त उघड," म्हटलं होतं, "त्याच्या बापालाही कळणार नाही." तीन लिहिताना मनात आलं, तिच्याकडे कुठलाय प्रिंटर. आणि मी पुढच्या दोषाकडे वळले.

मे महिन्यात भर दुपारी तिचा फोन आला. कुजबुजत होती.

"ताई, तो आलाय. खाली ऑफिसच्या दारात. माझं नाव सांगून हसत हसत विचारतोय."

"तू कुठेयस?"

"कागदांच्या खोलीत. आतून कडी लावलीय."

पोलीस आले. त्याने साळसूदपणे सांगितलं, सहज या बाजूला आलो होतो, पाटी दिसली, म्हटलं बायकोची चौकशी करावी. बायको या शहरात आहे हे तुला कसं कळलं, असं कुणी त्याला विचारलंच नाही. समज देऊन सोडून दिलं.

मी मिळेल त्या गाडीने तिच्याकडे गेले. टेबलावर फाइल होती, जाडजूड. त्यात त्याच्या सगळ्या मेल, तारीखवार.

"हे काय गं?"

"वकीलबाई म्हणाल्या, एकही मेल सोडू नकोस, छापून ठेव. ऑफिसातच छापते, जेवणाच्या सुट्टीत." आणि मग म्हणाली, "त्याला कसं कळलं गं, ताई? मी तर तू सांगितलंस तसंच केलं."

मी फाइल मिटली. ऑफिसची जोडणी ऑफिसच्या नावावर असते, शोधणाऱ्याला दोन मिनिटं लागतात. मी म्हटलं, "बघते मी." एवढंच म्हटलं.

परत आल्यावर दुरुस्ती केली. अकरा ओळी. अर्धा तासही लागला नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी तीन लिहिला होता! माझ्या मेलीच्या तोंडात कुणी मारायला हवी होती. छापून पाहिलं, चित्रांच्या जागी कोरे चौकोन आले. नव्या आवृत्तीत काय बदललं त्याचं वर्णन साहेबाने लिहून पाठवलं: 'छपाईत किरकोळ सुधारणा.'

मी तडक त्याच्या खोलीत गेले. "किरकोळ? सर, माझ्या बहिणीच्या दारात माणूस येऊन उभा राहिला!"

"फार वाईट झालं," तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं मेल्याने. "पण नोंद उघडून बघ. दर्जा खाली कोणी आणला?"

मी बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात वकीलबाई म्हणाल्या, तो योगायोगाने आला म्हणतोय तोवर कोर्ट त्याला लांब ठेवायचा हुकूम देणार नाही. मेलमधून माग काढला याचा पुरावा हवा. चित्रं तर त्या मेलमध्ये होतीच. पण छापताना ती मागवली जात होती हे सांगणारा एकच कागद जगात होता: आमच्या ऑफिसातली त्या दोषाची नोंद. ती बाहेर नेली तर नोकरी जाणार, हे मला ठाऊक होतं. नोकरी गेली खड्ड्यात. मला भीती वेगळ्याच गोष्टीची होती.

नोंद छापली आणि वकीलबाईंच्या बाहेरच्या खोलीत धाकटीच्या हातात दिली. ती सावकाश वाचत गेली. दोष कधी सापडला. दर्जा दोन. चार मार्च, दर्जा तीन. पुढे माझं नाव.

"मी पहिली मेल अकरा मार्चला छापली," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला वाटलं, तुझ्याकडे प्रिंटर नाही."

"फोन करून विचारायचंस ना, ताई."

ओरडली असती, हात उगारला असता तर बरं झालं असतं. तिने कागदाची नीट घडी घातली, फाइलमध्ये ठेवली आणि उठली.

"हुकूम मिळाला की मी हे शहर सोडणार," ती म्हणाली. "पत्ता वकीलबाईंकडे राहील. तुझ्याकडे नको."