मोरीची कडी

"मोरीची कडी कुठं गेली?" दारातल्या रिकाम्या भोकांवर बोट ठेवून नबीलालचाचांनी विचारलं.

"मीच काढली," मुलगा इम्रान म्हणाला. "मंगळवारी तुम्ही पडला तवा दार तोडायची पाळी आली. नशीब, मुका मारच हाय. आता दार लोटून घ्या, मी भाईर बसतो."

"पहारा देतो व्हय? मी काय चोर हाय?"

"अम्मी ह्याच मोरीत पडली, अब्बा. खुब्याचं हाड मोडलं आन् चार महिन्यांत गेली."

पोराचं खोटं नव्हतं. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी नुसत्या लोटलेल्या दाराआड लुंगी सोडायची, या कल्पनेनंच चाचांचं डोकं फिरलं. त्यांनी पलंगाखालून आपली जुनी हातोडी ओढली.

दौंडला तेहतीस वर्षं ते रेल्वेत चावीवाले होते. रोज रूळ तुडवायचा, त्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकायच्या आणि आवाजावरून ढिली कुठली ते ओळखायचं. आता ते मोरीतल्या फरश्या तशाच ठोकू लागले.

"अब्बा, फरशी फोडताय का काय?" सून अफरीन धावत आली.

"गप ऐक."

टक. टक. उंबऱ्यालगतच्या फरशीवर मात्र आवाज पोकळ आला. पाय देताच ती डुगडुगली. मंगळवारी चाचा इथंच घसरले होते. त्यांची बायको अकिलाही इथंच. ती सांगायची, "अहो, ही फरशी हलतीया." आणि हे म्हणायचे, "बघू रविवारी." जगाच्या गाड्यांसाठी रूळ ठोकत हिंडलेल्या चाचांना स्वतःची भयंकर चीड आली.

"इम्रान, सिमेंट आण. भिंतीला धरायला पाइप लाव. रूळ खराब निघाला तर दुरुस्त करत्यात, तवर गाडी हळू सोडत्यात. कायमची बंद न्हाई करत! आन् कडी बसव."

"पुन्हा पडला तर?"

"तर तोड की दार. तवर ते माझं हाय."

चार दिवसांनी, फरशीचं सिमेंट वाळल्यावर, इम्राननं कुरकुरत कडी बसवली. चाचांनी पाइप धरून सावकाश पाऊल टाकलं आणि आतून कडी लावली. कोनाड्यात अकिलाची पाय घासायची वजरी तशीच होती. ती हातात घेऊन ते स्टुलावर बसले आणि बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून नळ पुरता सोडला.

"अब्बा?" इम्राननं हाक मारली.

चाचांनी डोळे पुसले, वाकून वजरी उंबऱ्यालगतच्या त्याच फरशीवर ठोकली. आवाज भरीव आला.