तीन कुलपांची पेटी

कुलूपवाल्याचं मागणं काय, तर मरायच्या आधी त्याला एका कादंबरीचा शेवट हवा होता. बस्स, एवढंच! आणि तो होता त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या हातात.

जन्मभर त्याने लोकांची कुलपं उघडून दिली. किल्ली हरवली की सगळी गल्ली त्याच्याकडे धावायची. देवाधर्माचं मात्र त्याच्यापुढे नाव काढायची सोय नव्हती. आईच्या अंत्यप्रार्थनेलाही गडी दाराबाहेर विडी ओढत उभा! चार लोकांत झालेलं ते हसं ताई कधी विसरली नाही.

आता फुप्फुसं कामातून गेली होती आणि डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती. उशाशी ती कादंबरी, जिच्यावरून शहरात मोर्चे निघाले, दुकानांच्या काचा फुटल्या. एका पवित्र स्थानाच्या तळघरात तीन कुलपांची पेटी सापडते. आत असं काही आहे की अख्खा धर्म हादरेल, म्हणून मुडद्यांवर मुडदे पडताहेत. लेखकाला कुलपांतलं ओ की ठो कळत नाही, हे कुलूपवाल्याने पहिल्याच खुनात ओळखलं होतं. पण पेटीत आहे काय? त्या प्रश्नाने त्याला पार वेड लावलं होतं.

"ताई, वाचून दाखव ना गं."

ताईने मेलेला उंदीर उचलावा तसं पुस्तक दोन बोटांत धरलं. "वाचते. पण प्रत्येक प्रकरणाआधी तू प्रार्थना म्हणायची. मोठ्याने."

"मी? जीभ झडेल माझी!"

"मग राहू दे." आणि ती खरोखरच उठली.

झक मारत त्याने प्रार्थना म्हटली. एखादा शब्द गिळला, मध्येच खोकल्याची उबळ आली, की बाई शांतपणे म्हणायची, "पुन्हा पहिल्यापासून." बाई कसली, पोलाद होतं ते! वाचायची मात्र झकास. पहिलं कुलूप उघडलं, दुसरं उघडलं, आणि शेवटच्या प्रकरणाशी येऊन तिने पुस्तक मिटलं.

"उद्या धर्मगुरू येतील, नातेवाईक येतील. त्यांच्यासमोर म्हणायचं, मी जन्मभर चुकलो, मला क्षमा करा. मग पुढचं."

तो छताकडे बघत राहिला. बायको गेली होती, दुकान गेलं होतं. कुणापुढे मान वाकवली नाही, एवढाच तोरा काय तो उरला होता.

दुसऱ्या दिवशी, भरल्या खोलीत, धापा टाकत त्याने ते म्हटलं. बायकांनी डोळे पुसले. धर्मगुरूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. कोपऱ्यात त्याचा चहावाला दोस्त उभा होता. दोघांनी मिळून उभा जन्म देवाची टिंगल केली होती. तो दोस्त मान खाली घालून निघून गेला.

सगळे बाहेरच्या खोलीत गेल्यावर कुलूपवाला घाईने म्हणाला, "वाच आता. तिसरं कुलूप."

ताईने पुस्तक उघडून त्याच्या डोळ्यांजवळ धरलं. शेवटची पानं मुळापासून फाडलेली होती. "पहिल्याच दिवशी जाळली मी."

त्याच्या छातीत घरघर सुरू झाली. "निदान... तू वाचलंस?"

"वाचलं की, एका बैठकीत!" ताईचे डोळे चमकले. "काय शेवट केलाय मेल्याने! काटा आला माझ्या अंगावर."

"मग सांग ना गं. तुझ्या पाया पडतो. काय होतं पेटीत?"

ताईने चादर त्याच्या हनुवटीपर्यंत ओढली, कडेने नीट खोचली.

"आता तू श्रद्धेचा माणूस. तुला कशाला हव्यात असल्या गोष्टी?" असं म्हणून ती पाहुण्यांना चहा विचारायला गेली.