पुढे जा म्हणणारा हात

मंगळवारी सकाळी ड्रीमा मेनार्ड टपाल घेऊन स्टिलहाउसच्या रस्त्याला लागली. गाडीत ती उजव्या बाजूला बसायची आणि डावा हात, डावा पाय लांबवून गाडी हाकायची. खेड्यांत टपाल वाटणारे सगळे असेच बसतात. इथे अमेरिकेत वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून, म्हणून पत्रपेट्या उजव्या कडेला, आणि गाडी ज्याची त्याची, स्टिअरिंग डावीकडे असलेली. एकोणीस वर्षं असं तिरकं बसून तिची कंबर पार कामातून गेली होती.

रस्त्याबद्दल काय सांगावं! आमच्या ॲपलाचियाच्या डोंगरात रस्ते कोणी आखलेच नाहीत. ओढा जिकडे वळला तिकडे रस्ता वळला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला तीस फूट खाली खडकाळ ओढा. निम्मा कठडा पुरात गेला, तो गेलाच. मधली पिवळी दुहेरी रेघ सहा वर्षांत कोणी रंगवली नाही. आणि त्यावरून दिवसभर ओंडक्यांनी लादलेले ट्रक धडधडत जाणार. चौथ्या मैलावर जे आंधळं वळण आहे त्याला सगळे ‘पाद्रीबुवाचं कोपर’ म्हणतात. कोपरापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही.

मग अशा रस्त्यावर माणसं करतात काय? आमच्याकडे एक रीत आहे, ‘हात देणं’. पुढची गाडी सावकाश चालली असेल तर तिचा चालक खिडकीतून हात बाहेर काढतो आणि समोरचा रस्ता मोकळा दिसला की तो हलवतो. मागच्याने खुशाल पुढे निघून जायचं. जाता जाता दोनदा हॉर्न वाजवायचा, म्हणजे आभार मानले. हे कोणी शिकवत नाही, पण बापाच्या मांडीवर बसायच्या वयापासून प्रत्येकाला ठाऊक असतं. हात दिल्यावरही जो जात नाही तो शिष्ट, घमेंडखोर. अहो, शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास नाही म्हणजे काय!

त्या दिवशी ड्रीमाच्या पुढे तिच्या सासऱ्यांचाच जुना पिकअप होता. हर्शेल मेनार्ड, वय एक्याऐंशी, जन्म कोळशाच्या खाणीत घालवलेला माणूस. अख्खं खोरं त्यांना ‘पापॉ’ म्हणायचं, म्हणजे आजोबा. पापॉंचा हात हा खोऱ्यातला सगळ्यात भरवशाचा हात. पाद्रीबुवाच्या कोपराशी तो खिडकीबाहेर आला आणि हलला. ड्रीमा गेली नाही. हात पुन्हा हलला, या वेळी जोरात. तरी ती मागेच राहिली.

संध्याकाळी जेवताना त्याचा उद्धार झालाच.

“काय गं, माझा हात दिसला नाही सकाळी? का आता सरकारी बाईसाहेब झालीस?”

“दिसला की, पापॉ. पण मी उजवीकडे बसते. तुमच्या गाडीपलीकडचं मला काही दिसत नाही.”

“तुला कशाला दिसायला हवं? मला दिसतंय ना!”

असं म्हणत पापॉंनी कांद्याच्या लोणच्याचा चमचा ताटलीत उपडा केला. लोणचं पडलं टेबलावर, ताटलीपासून चांगलं चार बोटं लांब. ड्रीमाच्या नवऱ्याने, लोनीने, रुमालाने ते पुसलं आणि मक्याच्या पावाची टोपली वडिलांच्या पुढे सरकवली.

सगळी गोम इथेच होती. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा, तोवर गाडीला हात लावायचा नाही. “डोळ्यात सुई? मेल्यावर घाला म्हणावं,” असं म्हणून पापॉ उठून आले. डॉक्टरांचा कागद लोनीने ड्रॉवरमध्ये टाकला, तो आजतागायत तिथेच.

भांडी घासताना ड्रीमा नवऱ्याला म्हणाली, “लोनी, त्यांची किल्ली काढून घे.”

“मी? बापाची किल्ली? अगं, त्यांच्याकडे उरलंय काय आता? खाण बंद झाली, आई गेली. तो पिकअप तेवढा आहे.”

“आणि तो हात? लोक जातात रे त्या हातावर.”

“साठ वर्षांत त्यांच्या हातावर कुणाला खरचटलं नाही. तू पण ना, उगाच राईचा पर्वत करतेस.”

ड्रीमा गप्प बसली. घरात शांतता राहावी म्हणून बायका काय काय गिळतात! आणि ते गिळलेलं भोगतं भलतंच कोणी.

तिने त्याऐवजी सोपं काम केलं. तिने कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्तेखात्याला पत्रं लिहिली. कोपरावर आरसा बसवा, कठडा बांधा, रेघ रंगवा. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की वाहतुकीचं प्रमाण पाहता सदर कामाची आवश्यकता दिसून येत नाही. मग आणखी किती जणांनी मरायचं ते तरी कळवा, असं तिने चौथ्या पत्रात लिहिलं. त्याला उत्तरच आलं नाही. ते पत्र टाकताना तिला फार बरं वाटलं होतं, आपण काहीतरी केलं असं. खरं तर साहेबाला खरमरीत पत्र लिहिण्यापेक्षा सासऱ्याच्या हातातून किल्ली काढून घेणं शंभर पटीनं अवघड होतं, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

काही महिन्यांनी, अशाच एका गुरुवारी रेनिटा आली. दर गुरुवारी यायची. चोवीस वर्षांची पोर, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं रक्त तपासायची, औषधं बघायची. तिची आई ओव्हा पोस्टात टपाल निवडायला बसायची. ओव्हा आणि ड्रीमा गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी एकाच थर्मासातली कॉफी पीत आल्या होत्या. ड्रीमा पापॉंच्या पेटीत पत्रं टाकत होती तेव्हा रेनिटा फाटकातून बाहेर पडत होती.

“मावशी, तुझ्या सासऱ्याने परत ॲपल पाय हाणलाय. साखर बघ कुठे गेलीय! आणि वर मला म्हणतात, यंत्र बिघडलंय तुझं.”

“त्यांचं सोड, तू जेवलीस का?”

“जेवते गं. आधीच उशीर झालाय, म्हणजे आता आणखी झाला तरी चालेल,” असं म्हणून ती हसत आपल्या छोट्या लाल गाडीत बसली.

पापॉ तपासणी होताच दुकानात जायला पिकअप काढून पुढे निघाले होते. त्यांच्यामागे रेनिटा, तिच्यामागे ड्रीमा. कोपर आलं. ताशी वीस मैलांच्या वेगाने चाललेल्या पिकअपमधून हात बाहेर आला आणि हलला. ड्रीमाच्या तोंडून “नको गं” निघालं, ते बंद काचेच्या आतच राहिलं. लाल गाडी डावीकडे सरकली, पिकअपला ओलांडू लागली, आणि दोनदा हॉर्न वाजला. आभाराचा. पलीकडून ओंडक्यांचा ट्रक आला तेव्हा रेनिटाला ना पुढे जागा होती, ना मागे.

ड्रीमा धावली. तिने त्या पोरीचा हात हातात धरला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत धरूनच बसली. येईतो सगळं आटोपलं होतं.

शेरीफचा माणूस आला, वेंडल फेरल. तोही इथलाच, याच रस्त्यावर गाडी शिकलेला. पापॉ म्हणाले, “रस्ता मोकळा होता. ट्रक कुठून उपटला कुणास ठाऊक.” वेंडलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. मग तो ड्रीमाकडे आला.

“तू पाहिलंस?”

तोवर लोनी येऊन पोचला होता. तो बायकोचा दंड धरून उभा होता, घट्ट.

“मी मागे होते,” एवढंच ड्रीमा म्हणाली.

वेंडलने कागदावर लिहिलं, ‘चालकाने आंधळ्या वळणावर धोकादायक ओव्हरटेक केला.’ हाताला त्या कागदात रकानाच नव्हता.

अंत्यविधीत पाद्रीबुवा तरुणांच्या घाईबद्दल बोलले. बायकांनी ओव्हाच्या घरी जेवणाचे ट्रे पोचवले आणि दबक्या आवाजात म्हटलं, काय बाई ही आजकालची पोरं! ओव्हा एकदाच बोलली. “माझी पोर जन्मात कुठे वेळेवर पोचली नाही. तिला कसली घाई?” शनिवारी चर्चच्या लोकांनी कोपरावर पांढरा क्रूस रोवला, तिथला पाचवा. आमच्याकडे कठडा बसत नाही, क्रूस मात्र आठवड्याच्या आत बसतो.

पुढच्या रविवारी दुपारी अग्निशमन केंद्रात सभा होती. बंब बाहेर काढून आत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. रस्तेखात्याचा साहेब फाइल घेऊन आला होता. त्याने वाचून दाखवलं की पोलिसांच्या अहवालानुसार चूक चालकाची आहे, रस्त्याचा दोष नाही. लोकांनी त्याला शिव्या घातल्या, ट्रकवाल्यांना घातल्या, आणि मग कोणीतरी म्हणालंच, “खरं सांगायचं तर पोरीला धीर नव्हता.” माना डोलल्या. पहिल्या रांगेत पापॉ टोपी मांडीवर घेऊन बसले होते, शेजारी लोनी. ओव्हा मागे दाराजवळ उभी होती. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती, किंवा तिने घेतली नव्हती.

ड्रीमा उठली.

“रेनिटाला घाई नव्हती. तिला हात दिला होता.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“ड्रीमा, खाली बस,” लोनी म्हणाला.

“जन्मभर बसलेच आहे. आता नाही बसत.”

“कुणाचा हात?” वेंडलने विचारलं, जसं काही त्याला ठाऊकच नव्हतं.

“पापॉंचा.”

मग जो गलका उठला! घरच्या माणसाला चव्हाट्यावर आणलंस, म्हाताऱ्याच्या जिवावर उठलीस, लाज नाही वाटत? पापॉ उभे राहिले. “रस्ता मोकळा होता. मी बघितला, मग हात दिला. या हातावर तुमचे बाप गेलेत, तुम्ही गेलात.”

ड्रीमाला रडू फुटत होतं, तरी तिने विचारलं, “पापॉ, दारात कोण उभं आहे?”

पापॉंनी डोळे बारीक केले. दार असेल तीसेक फुटांवर. तिथे उन्हाची तिरीप होती, चांगला लख्ख उजेड.

“पाद्रीबुवा,” ते म्हणाले.

लोनीने डोक्याला हात लावला. कोणी हसलं नाही. पापॉ सगळ्यांच्या गप्प बसण्यावरूनच काय ते समजले आणि हळूच खुर्चीत टेकले.

“त्यांना दिसत नाही,” ड्रीमा म्हणाली. “पण तुम्हाला तरी कुठे दिसतं? त्या कोपरावर दुसऱ्याचा हात बघून इथला कोण कोण गेला नाही, सांगा. मला दिसत नसेल तर मी जायचं नाही, एवढी साधी गोष्ट. त्याला आपण उद्धटपणा म्हणतो! आपल्या पोरांना आपणच शिकवलं की वाईट दिसेल, मागे राहू नकोस.”

साहेबाने हळूच फाइल मिटली. “म्हणजे मी म्हणत होतो तेच. रस्त्याचा दोष नाही.”

“उघडा ती फाइल!” ड्रीमा इतक्या जोरात ओरडली की साहेबाने खरोखरच ती उघडली. “रस्ता दिसत नाही म्हणून तर हात द्यावा लागतो. माझी चार पत्रं असतील त्यात. वाचा.”

साहेब कागद चाळू लागला. तेवढ्यात ओव्हा दारापासून चालत पुढे आली. लोकांनी पाय ओढून घेतले. ड्रीमाला वाटलं ती गळ्यात पडेल. ओव्हा हातभर अंतरावर थांबली.

“त्यांना दिसत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं?”

खोटं बोलणं आताही सोपं होतं.

“दोन वर्षं,” ड्रीमा म्हणाली.

“दोन वर्षं. रोज सकाळी माझ्यासमोर बसून कॉफी पीत होतीस. आणि माझी पोर दर गुरुवारी त्याच रस्त्याने, त्याच माणसाकडे.” ओव्हाचा आवाज चढला नाही. “चार पत्रं लिहिलीस ना तू? मला एकदा तोंडानं सांगितलं असतंस तर मी तिला बजावलं असतं.”

ड्रीमाला माफी मागायची होती. पण ती मागण्यासारखी राहिलीच नव्हती, हे तिला कळत होतं. “हो,” एवढंच ती म्हणाली.

ओव्हा वेंडलकडे वळली. “कागद काढ. हात लिही त्यात.”

“ओव्हाताई, अहवाल तर वर गेला...”

“मग दुसरा काढ. आणि हेही लिही, की घरच्या सगळ्यांना माहीत होतं.”

वेंडलने लोनीकडे पाहिलं, पापॉंकडे पाहिलं. त्याचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ड्रीमाने ते पेन त्याच्या खिशातून काढून घेतलं, त्याची वही ओढली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवून लिहायला लागली. त्या गुरुवारी काय पाहिलं ते लिहिलं. मोतीबिंदूचं लिहिलं, ड्रॉवरमधल्या कागदाचं लिहिलं. मग ज्यांना माहीत होतं त्यांची नावं लिहिली. लोनीचं लिहिताना मागून त्याचं “ड्रीमा, अगं” ऐकू आलं. ती थांबली नाही. शेवटी तिने स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट, आणि वही ओव्हाच्या हातात दिली.

ओव्हाने ती उभ्यानेच वाचली, पहिल्या ओळीपासून.